घरचं थाई सॅलड ड्रेसिंग : फिश सॉस, गूळ, लिंबू आणि घरात माळकरी सासरे

खमंग_काकडी

मंडळी, थाई सॅलडचं ड्रेसिंग घरी कोण करतं का? मॉलमध्ये काचेच्या बाटलीत मिळतं ते नको, त्यातल्या एकाचं लेबल परवा वाचलं तर पहिलं नाव साखरेचं, दुसरं पाण्याचं आणि लिंबू कुठेतरी तळाला. आमच्याकडे उन्हाळा लागला की रात्री गरम पोळीभाजी कुणालाच नको असते, तर काकडी, गाजर, कोबी, मोड आलेले मूग असं काहीबाही मोठ्या पातेल्यात घेऊन वर झणझणीत काहीतरी ओतायचं असा बेत आहे. अडचणी दोन. एक म्हणजे सासरे माळकरी, त्यांना फिश सॉसचा थेंब चालणार नाही (लसूण खातात, एकादशी सोडून), आणि मला नि नवऱ्याला मात्र तो असली वासच हवाय. दुसरं म्हणजे नेटवर बघावं तर एक बाई पीनट बटर घालते, एक तिळाचं तेल, एक नारळाचं दूध, एक मध, आणि सगळ्याच म्हणतात आमचंच खरं. नक्की घालायचं काय? शिवडीला राहते, लालबाग-दादर-क्रॉफर्ड मार्केटपर्यंत जाऊन सामान आणेन, त्याच्या पुढे नाही.

परत_परेल

नोकरीपायी बँकॉकला राहून आलोय म्हणून लिहितो. तिकडे ज्या सॅलडांना यम म्हणतात त्यांच्या ड्रेसिंगमध्ये तेल जवळपास नसतंच. फिश सॉस, लिंबाचा रस, साखर किंवा ताडामाडाचा गूळ, मिरची, बहुतेक वेळा लसूण, संपलं. पीनट बटर आणि तिळाचं तेलवालं जे ‘थाई ड्रेसिंग’ म्हणून फिरतं ते बाहेरच्या कॅफेंमधलं प्रकरण आहे, साटेबरोबर (काडीला लावून भाजलेलं मांस) जो दाण्याचा सॉस देतात त्याचा पुतण्या म्हणा. वाईट नाही, पण वेगळं. (तिकडेही दाण्याच्या घट्ट सॉसचं एक सॅलड असतं, सलाद खेक, वर उकडलेलं अंडं नि तळलेला टोफू, पण ते एकच.)

माझं माप असं, चौघांच्या पातेल्याला: लिंबाचा रस ३ मोठे चमचे, फिश सॉस २, चिरलेला गूळ दीड, लवंगी मिरच्या तुमच्या हिमतीप्रमाणे, लसूण २ पाकळ्या. पण मापापेक्षा क्रम सांभाळा. आधी लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचायची, अगदी गंध नाही करायचा, सालाचे तुकडे दिसले पाहिजेत. मग गूळ त्यातच टाकून बत्त्याने दाबत दाबत फिश सॉसमध्ये विरघळवायचा, बोटाला खडा लागता कामा नये, आणि लिंबू सगळ्यात शेवटी. लिंबू आधी घातलं तर ठेचता ठेचता त्याचा ताजा वास उडून जातो नि मागे नुसता आंबटपणा उरतो. मिक्सर लावू नका, लसणाचा उग्र कडवट फेस होतो.

आणि चव बघताना, नुसतं चमच्यातून चाखलं की ‘बापरे’ वाटलं पाहिजे. खारट पण जास्त, आंबट पण जास्त. काकडी-कोबीला पाणी सुटलं की ते बरोबर जागेवर येतं. चाखून ‘छान’ वाटलेलं ड्रेसिंग भाजीत गेल्यावर मिळमिळीत लागतं.

पाटावरवंटा

अगं काकडी, तुझ्या नावातच उत्तर आहे की. काकडी चोचवायची, मिरची, मीठ, साखर, लिंबू, दाण्याचं कूट. ह्यात आणि परेलकरांच्या त्या यममध्ये फरक तो काय, एक माशाचं पाणी सोडलं तर? माझी आई मिरची-मीठ-साखर हातानेच चुरडायची काकडीला घालायच्या आधी, म्हणजे तेच ते खलबत्त्याचं काम. उगाच बाटल्या कशाला जमवायच्या. वर तुपाची जिऱ्याची फोडणी द्या, सासरेबुवा खूश.

परत_परेल

काकू, मान्य, खमंग काकडी खाऊन वाढलेल्या माणसाला यम शिकवावं लागत नाही, मलाही तिकडे पहिल्या दिवशी जिभेवर परकं काही वाटलं नव्हतं. पण फोडणीवर अडतो मी. तूप पडलं की जिभेवर थर बसतो, मिरची नि लिंबाची धार जाते. आणि कूट आपण बारीक करतो म्हणून ते सगळा रस पिऊन घेतं, तिकडे दाणे ठेचून जाडसर घालतात, तेही वाढताना, दाताखाली आले पाहिजेत म्हणून. मुख्य म्हणजे माशाचं पाणी सोडलं तर असं म्हणून ते सोडता येत नाही हो, मिठाचं सगळं काम तोच करतोय. मीठ नुसतं खारट करतं. फिश सॉसने टोमॅटो जास्त टोमॅटो लागतो.

चिमूटभर

परेल +१, आणि त्याचं कारण सांगतो (फूड टेक्नॉलॉजी शिकलोय, राहवत नाही). फिश सॉस म्हणजे बांगडीभर मासे नि मीठ, बहुतेक अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीची भावंडं, पिंपात थरावर थर लावून वर्षभर किंवा जास्तच ठेवतात. माशाच्या पोटातलेच एन्झाइम प्रथिनं तोडत जातात, मीठ इतकं असतं की सडवणारे जंतू टिकत नाहीत, आणि शेवटी जे तांबूस पाणी गाळून निघतं त्यात ग्लुटामेट, म्हणजे जिभेवर भरलेली, खोल चव आणणारं द्रव्य, भरपूर. ती खोली मिठाला नाही. बाटली घेताना मागे बघा: अँचोव्ही, मीठ, फार तर साखर, इतकंच हवं. रंग-फ्लेवरची यादी लांबली की ठेवून द्या.

ब्लडप्रेशरवाल्यांनी मात्र हात आखडता ठेवा. एका मोठ्या चमच्यात साधारण १४०० मिलिग्रॅम सोडियम येतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २००० च्या आत आहे. म्हणजे परेलच्या मापातले २ चमचे चौघांत वाटले तर ठीक, एकट्याने ओरपायचं नाही.

पाटावरवंटा

बांगडीभर मासे हे माप कुठलं रे बाबा?

चिमूटभर

काकू ‘बरणीभर’ लिहायचं होतं, कीबोर्डने बांगडी भरली 😀

खमंग_काकडी

हे सगळं वाचून भूक लागली. पण सासऱ्यांचं काय? सोया सॉस घातला तर चायनीज भेळ लागते, करून बघितलंय.

चिमूटभर

कारण घरात असतो तो डार्क सोया. तो रंगाला असतो, त्यात कॅरॅमलची चव असते, म्हणून भेळ. लाइट सोया आणा. लाइट म्हणजे कमी मिठाचा नाही बरं, उलट डार्कपेक्षा जास्त खारट असतो, रंगाने नि अंगाने पातळ म्हणून लाइट. थायलंडमध्येही शाकाहारी जेवणात फिश सॉसच्या जागी पातळ सोयाच वापरतात.

अजून बरं हवं असेल तर: एक कप पाणी, ३-४ सुके शिताके मशरूम, १ मोठा चमचा मीठ, २ मोठे चमचे लाइट सोया, मंद आचेवर अर्धं होईपर्यंत उकळा, मशरूम दाबून पिळून काढा, गाळा, गार करून बाटलीत. फ्रीजमध्ये दोन आठवडे काही होत नाही, मीठच इतकं असतं. सोयात ग्लुटामेट, सुक्या शिताकेत ग्वानिलेट (तसंच चव वाढवणारं द्रव्य), दोन्ही एकत्र आले की चव एकमेकांना चढवतात. हुबेहूब फिश सॉस नाही होणार, तो वास येणारच नाही, पण ‘काहीतरी कमी आहे’ असं वाटत नाही. शिताके क्रॉफर्ड मार्केटात इम्पोर्टेड सामानवाल्यांकडे मिळतात, ताजे घेऊ नका, सुकेच. उरलेले मशरूम भातात चिरून टाका.

माळकऱ्यांना मशरूम चालतं का हे मात्र आधी विचारून घ्या. काही घरांत नाही चालत.

डबलडेकर

चिमूटभर हिंग नाही का चालणार (आयडी बघून सुचलं). हिंगाला पण तसलाच दर्प असतो ना.

चिमूटभर

दर्प गंधकाचा, तो कांद्या-लसणाच्या बाजूचा. माशाच्या बाजूचा नाही. शिवाय कच्चा हिंग कडू लागतो, त्याला गरम तेल लागतं आणि इथे तेलच नाही. लसूण न खाणाऱ्यांसाठी एखादा कण तव्यावर गरम करून, फार तर.

तिरफळ

सुकी मासळी या विषयावर मी गप्प बसणं शक्य नाही. थायलंडच्या सोम तममध्ये, म्हणजे कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये, सुकी कोळंबी पण पडते, ती कुणी लिहिलीच नाही. इकडे लोक ती ऑनलाइन इम्पोर्टेड मागवतात, छोटं पाकीट, केवढ्याला ते विचारू नका. अहो आपल्याकडे सोडे असताना! फक्त एक लक्षात ठेवायचं. तिकडची कोळंबी आधी मिठाच्या पाण्यात उकडून मग सुकवतात म्हणून ती पाकिटातून काढून थेट खलात टाकता येते. आपले सोडे कच्चेच उन्हात सुकवलेले असतात. म्हणून पाण्यातून पटकन काढायचे, फडक्यावर कोरडे करायचे, मग मंद तव्यावर रंग बदलून कडेने खुटखुटीत होईपर्यंत भाजायचे. कडक वाटले तर कोमट पाण्याचा हबका मारून परत तव्यावर. मग खलबत्त्यात दोन-चार ठोके, भुगा नाही, धागे सुटले पाहिजेत. घर दरवळतं एकदम. (शेजारी आमच्यासारखे नसतील तर आधी खिडकी लावा, आमच्या मागच्या सोसायटीत बोंबील भाजले म्हणून नोटीस लागली होती लिफ्टमध्ये.)

जवळा वापरायचा असेल तर तोही चालेल, पण त्यात रेती असते, तीन-चार पाण्यांतून काढा आणि खाली बसलेलं ओतून टाका. सुकी मासळी घ्यायची तर पावसाच्या आधी घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यात हवा दमट, ऑगस्टमध्ये जे सोडे मिळतात ते हाताला मऊ लागतात आणि वास आंबूस. चांगला सोडा केशरी असतो, बोटाने मोडला तर वाकत नाही. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार मोठा आहे पण शिवडीहून लांब पडेल, तुमच्या मासळी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशीला ‘भाजून कच्चेच खायचेत’ म्हणून सांगा, ती बरोबर वरचे देणार नाही, आतले काढून देईल.

बोरिवली_स्लो

माझा प्रश्न साधा आहे, हे सगळं डब्यात कसं न्यायचं? सकाळी ७ ला भरतो, १ ला उघडतो, तोपर्यंत सॅलडचं सूप झालेलं असतं. आणि दुसरा प्रश्न, ट्रेनमध्ये मिळतात ते खारे दाणे चालतील का, घरी भाजायला वेळ नाही.

परत_परेल

डब्यात एकत्र न्यायचंच नाही. तिकडेही कालवून ठेवलेलं यम कुणी देत नाही, ऑर्डर आली की कालवतात नि लगेच समोर. भाजी कोरडी करून डब्यात (काकडीच्या बिया चमच्याने खरवडून टाका, अर्धं पाणी तिथेच गेलं), मिरची-गूळ-फिश सॉसचं मिश्रण छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, दाणे कागदात, आणि अर्धं लिंबू तसंच. ऑफिसात पिळायचं. बाटली मात्र काचेची, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. फिश सॉस बॅगेत सांडला तर ती बॅग गेली समजा.

खारे दाणे चालतील, मग फिश सॉस थोडा कमी. पण मऊ पडलेले नकोत, तव्यावर मिनिटभर फिरवून घ्या.

बोरिवली_स्लो

ऑफिसात लिंबू कापायला सुरी नाही, पँट्रीत प्लॅस्टिकचे काटे आहेत फक्त.

पाटावरवंटा

घरूनच कापून ने रे. फोड उलटी, रसाची बाजू वाटीच्या तळाला टेकवून ठेवायची, सुकत नाही.

चिमूटभर

लिंबावरून आठवलं. खूप जण थाई लाइम, थाई लाइम म्हणत हिरवे मोठे इम्पोर्टेड लाइम घेतात. काही गरज नाही. तिकडचं मनाव आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं आहे, पातळ सालीचं, रसाळ, बियांचं. भाजीवालीकडचं पिवळं घ्या किंवा हिरवं, हिरव्यात जरा वास जास्त. पिळताना शेवटच्या थेंबासाठी चेपू नका, सालीतलं नि पांढऱ्या भागातलं कडू उतरतं.

गवती चहाचंही तसंच, लेमनग्रास म्हणून थर्माकोलच्या ट्रेमध्ये क्लिंग लावून विकतात ते तेच. फक्त आपण चहाला पाती घेतो नि सॅलडला लागतो बुंध्याकडचा पांढरा-जांभळट चार बोटं भाग. बाजारातल्या जुडीत तो नसतोच, वरून कापलेली असते. कुंडीत लावलेला असेल तर मुळाकडून एक दांडा ओढा, बाहेरची दोन-तीन टरफलं काढा, आणि आतला गाभा इतका पातळ चिरा की चावताना कळू नये. जाड राहिला तर दोऱ्या चावल्यासारखं होतं.

आणि कोथिंबिरीची मुळं! मुंबईत जुडी मुळासकट येते आणि आपण ती चिखलासकट कापून टाकतो. तिकडे लसूण, मिरी नि कोथिंबिरीचं मूळ हे तीन ठेचून कितीतरी पदार्थांची सुरुवात होते. खरवडून धुवून एक मूळ खलात टाकून बघा.

तिरफळ

मुळं!! आजवर किती फेकली असतील.

शनिवार_रविवार

मधेच घुसतो. मला पीनट बटरवालंच आवडतं, लाज नाही वाटत 😛 पण माझं दरवेळी दगडासारखं घट्ट होतं. पीनट बटरमध्ये लिंबू पिळलं की ते पातळ व्हायला हवं ना, उलट गोळा होतो. का?

चिमूटभर

पाणी कमी पडलं म्हणून. पीनट बटर म्हणजे तेलात लोंबकळणारे दाण्याचे बारीक कण. थोडंसं पाणी (लिंबाचा रस पण पाणीच) गेलं की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा. घाबरून तेल घालू नका. कोमट पाणी चमच्या-चमच्याने घालत फेटत राहा, एका टप्प्याला अचानक सैल पडून चकचकीत होतं. मग सोया किंवा फिश सॉस, गूळ, मिरची, आलं. आणि बिनसाखरेचं पीनट बटर घ्या, नाहीतर गुळाचा हिशोब बिघडतो. घरचे भाजलेले दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवले तरी तेच.

हे ड्रेसिंग कोबी, गाजर, नूडल्स, उकडलेल्या बटाट्याला मस्त, काकडीला नाही, काकडीवरून घसरून तळाला जातं.

डबलडेकर

गुळाबद्दल कुणी बोलेना. साखर का नाही चालत?

परत_परेल

चालते, तिकडेही कितीतरी ठिकाणी साधी साखरच घालतात. पण ताडामाडाच्या गुळाला टॉफीसारखी मंद चव असते, ती फिश सॉसचा टोकदारपणा गोल करते. आपला उसाचा गूळ घेताना पिवळसर, मऊ घ्या. काळा कडक सेंद्रिय गूळ इथे नको, त्याचीच चव वर येते आणि ड्रेसिंग चिखलासारखं दिसतं. गोव्याला कुणी जाणार असेल तर माडाचा गूळ मागवा, काळसर पिरॅमिडसारख्या ढेपा असतात, त्याचा स्वभाव जवळचा आहे पण गडद आणि धुरकट, म्हणून निम्माच घ्या.

पाटावरवंटा

आमसुलाचं आगळ घातलं तर आंबटाला? कोकणातलं घर आहे, बाटल्या पडून आहेत.

परत_परेल

काकू, रंग लाल होईल आणि जीभ जरा तुरट. मला नाही आवडलं. चिंचेचा कोळ घाला त्यापेक्षा, पपईच्या सॅलडमध्ये चिंच नि लिंबू दोन्ही घालणारे तिकडेही आहेत. नवी चिंच घ्या, जुनी काळी नको.

तिरफळ

मी काकूंच्या बाजूने. आगळ पाव चमचा, बाकी लिंबू, आणि वर सोडे. यम नसेल, नसू दे. खाऊन बघा मग बोला.

खमंग_काकडी

अपडेट! सासऱ्यांना विचारलं, मशरूम नको म्हणाले, का ते नाही सांगितलं. मग मी असं केलं की खलात फक्त मिरची-लसूण-गूळ-चिंचेचा थोडा कोळ असं मूळ वाटण केलं, दोन वाट्यांत विभागलं, एकीत लाइट सोया आणि चिमूटभर मीठ, दुसरीत फिश सॉस, मग दोन्हीत लिंबू. दोन पातेली, दोन डाव. सासऱ्यांच्या पातेल्यात एक पिकलेला टोमॅटो जास्त ठेचून घातला, त्याने सोयाला बरीच मदत झाली. त्यांनी काय करावं, वाटीच्या तळाला राहिलेलं पाणी भातावर घेतलं! नवरा म्हणतो आमच्यात वास अजून हवा होता, त्याला म्हटलं पुढच्या वेळी तू ठेच.

आता दोन शंका. एकादशीला काय करू, काकडी-दाणे-गूळ-लिंबू सगळं उपवासाचंच आहे की. आणि कच्ची पपई कुणी करून बघितलीय का, किसली तर लगदा होतो.

पाटावरवंटा

एकादशीला लसूण आणि सोया बाद, सैंधव घाल, मिरची-आलं ठेच, बाकी तेच. जिरं चालत असेल तर भाजून. कोथिंबीर चालते की नाही यावर इथे भांडू नका, वेगळा धागा काढा, मागच्या वेळी दीडशे प्रतिसाद होऊन बंद करावा लागला होता.

परत_परेल

पपई निवडताना दगडासारखी टणक, गडद हिरवी, आत पांढरी आणि बिया पण पांढऱ्या. आत जराशी केशरी झाक आली की गेली, गोड-मऊ लागते. साल काढल्यावर चीक येतो, हाताला तेल लावा, पाण्याखाली धरून धुवून टाका. किसणी नकोच. तिकडे पपई डाव्या हातात उभी धरून सुरीने तिच्यावर लांबीच्या दिशेने टकाटक वार करतात, मग वरचा थर पातळ सोलतात की आपोआप काड्या पडतात. बघायला भारी, करायला बोटं सांभाळा. घरी दातेरी सोलाणं वापरा. काड्या बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग फडक्यात गच्च कोरड्या. खलात ड्रेसिंगबरोबर घालून बत्त्याने हलके ठोके, दुसऱ्या हातात चमचा, एक ठोका की एक उलथणं. ठेचायचं नाही, जरा मुरगाळून रस आत घालायचा. दगडी खलात पपई चेंगरते, तिकडे त्यासाठी मातीचा खोल खल नि लाकडी बत्ता असतो, दगडी खल करीच्या वाटणाला. आपल्याकडे नसेल तर पातेलं आणि लाटणं. शेवटी चवळीच्या कोवळ्या शेंगा, टोमॅटोच्या फोडी, दाणे.

डबलडेकर

म्हणजे फाफड्याबरोबर मिळतो तो पपईचा संभारो, फोडणी वजा, फिश सॉस अधिक.

चिमूटभर

😂 अगदी. गंमत म्हणजे पपई, मिरची, भुईमूग, टोमॅटो हे चारही मूळचे अमेरिका खंडातले, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांबरोबर आशियात पसरत आले. सोम तम लाओस आणि थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातलं, तिकडे तर फिश सॉसच्या जोडीला आंबवलेल्या माशाचं दाट गढूळ पाणी, प्ला रा, घालतात. परेल, ते खाल्लंय का?

एक सांगायचं राहिलं, गरोदर बायकांना कच्ची पपई देऊ नका, चिकामुळे. त्यांच्यासाठी कैरी. राजापुरी किंवा तोतापुरी, कैरी असली की लिंबू निम्मं करा.

परत_परेल

खाल्लंय. पहिला घास अवघड, तिसऱ्याला लाळ सुटते. मुंबईत घरी ठेवायची हिंमत नाही, तिरफळताईंच्या सोसायटीत तर नाहीच.

तिरफळ

आमच्यात चालेल हो, मागच्या सोसायटीत नाही चालणार.

शनिवार_रविवार

पपनसाचं कुणी केलंय का? गणपतीत घरात दोन-तीन येतात आणि शेवटी कुणीच खात नाही.

परत_परेल

यम सोम-ओ! तिकडचं फार लाडकं सॅलड आहे ते. पपनस हातात घेऊन जड लागेल ते घ्या, हलकं म्हणजे आत सुकलेलं. पाकळीवरचा पांढरा पापुद्रा पूर्ण सोला, कडू तोच असतो, आणि गर मोडू न देता मोठे मोठे तुकडे सोडवा. वर मंद भाजलेला ओल्या खोबऱ्याचा कीस, ठेचलेले दाणे, तळलेला कांदा, सोडे. ड्रेसिंगमध्ये लिंबू कमी आणि चिंच-गूळ जास्त, फळ आंबट असतंच. गणपतीत कांदा-सोडे नको असतील तर खोबरं दुप्पट करा आणि सैंधव, नुसतं तेवढंच पण चांगलं लागतं. कालवताना हाताने, चमच्याने गर फुटून पाणी होतं.

खमंग_काकडी

खोबरं करपू न देता भाजायचं म्हणजे जाड बुडाची कढई ना? आणि पपनस नैवेद्याला दाखवून झाल्यावर मगच चिरणार हां, सासरे बघतायत.